इंजिन आणायला शेंदूरजनाघाटला: दोन सीटांच्या जुन्या गाडीतून

आमच्या घरी एक लाल विलायती गाडी आहे. दोन सीटांची, कापडी टपाची, जमिनीला टेकून चालणारी. कंपनीचं नाव लिहीत नाही. मागे नातीने नावासकट फोटो कुठेतरी चढवला, तर पंधरा दिवस फोन येत होते, आणि एकानेही गाडी कशी चालते हे विचारलं नाही. सगळ्यांना एकच पाहिजे होतं, विकता का. ज्यांच्या घरी अशी जुनी गाडी झाकून ठेवलेली असेल आणि ती काढून कुठे जावं असं मनात असेल, त्यांच्यासाठी हे लिहिते. मी चौथी शिकलेली. मी बोलते, फोन लिहितो, नात चुका काढते.

फेब्रुवारीच्या सुरुवातीला आमच्या बुढ्याने, म्हणजे आमच्या ह्यांनी, जेवता जेवता जाहीर केलं, "बंडूकडं जाऊन येऊ. इंजिन घेऊन येऊ."

बंडू माझा धाकटा भाऊ. वयाने सहासष्ट, पण आम्हाला बंडूच. वरूडच्या पुढे शेंदूरजनाघाटला त्याचा संत्र्याचा बगीचा आहे. आमच्या गाडीचं मूळ इंजिन त्याच्या शेडमध्ये का पडलं होतं, ते आधी सांगते.

बुढा जिनिंग फॅक्टरीत फिटर होता. ही गाडी तिथल्या रुईच्या गोदामात एका कोपऱ्यात पडलेली. कोंबड्या तिच्यात अंडी घालायच्या. जुन्या मालकाने फॅक्टरी सोडताना ती बुढ्याला भंगाराच्या भावात दिली. त्या पैशात चांगली म्हैस आली असती. मला म्हैस पाहिजे होती. आली ही. मग एक वर्ष मृग कोरडा गेला. बंडूची झाडं वाळायला लागली, आणि विजेचे खांब विहिरीपर्यंत आलेले नव्हते. बुढ्याने गाडीचं इंजिन काढलं, बैलगाडीने विहिरीवर नेलं, पंपाला पट्टा लावला आणि घासलेटवर चालवलं. बगीचा वाचला. आमची गाडी तीन वर्षं विटांवर उभी. नंतर अमरावतीच्या गफूर मिस्त्रीने तिच्यात एका जुन्या टॅक्सीचं इंजिन बसवलं. ते इतकं नीट चाललं की पहिल्याची आठवण कोणालाच आली नाही.

त्याच इंजिनावर आम्ही लग्नांना गेलो, चिखलदऱ्याला गेलो, मागे पोतं बांधून दळण आणलं. बॉनेटवर धोतर पसरून मी कुरडया वाळवल्या आहेत.

दोन वर्षांपूर्वी अकोल्यात एका लग्नाला पुण्याचा एक माणूस आला होता. जुन्या गाड्या घेतो-विकतो. त्याने ही गाडी पाहिली, खाली झोपून पाहिली आणि भाव सांगितला. इंजिनाचा नंबर कागदावरच्या नंबराशी जुळला तर अकोल्यात दोन फ्लॅट येतील एवढा, नाही जुळला तर एकच. त्या दिवसापासून गाडी बंद. अंगणात शटरची खोली बांधली, वर कॅमेरा लावला, गाडीवर गादीसारखं जाड कव्हर आलं. बुढा रोज कव्हर काढायचा, पाहायचा, परत घालायचा.

"विकायची हाय का?" मी विचारलं.

"नाई."

"मंग पूर्ण भाव काय करता?"

"असू दे न वो. आपल्याजवळ काय हाय ते समजलं पाह्यजे." मग आवाज खाली आणून म्हणाला, "आणि ते इंजिन बसलं का मंग गाडी हलवायची नाई. जितकी चालीन तितका भाव उतरते म्हणे."

म्हणजे इंजिन घरी आलं की गाडी कायमची शटरआड. ही शेवटची फेरी. पंचेचाळीस वर्षं ज्या सीटवर बसले ती सोडायची, तर निदान एकदा बसून सोडावी. मी म्हटलं, चला.

पहिला दिवस: अकोला ते शेंदूरजनाघाट

सकाळी सहाला निघालो. थंडी होती. टप उघडा ठेवू म्हटलं, तर म्हणे धूळ बसते. टप लावून त्या गाडीत बसणं म्हणजे पेटीत बसणं. माझं डोकं वर लागतं आणि काचेतून फक्त समोरच्या ट्रकचं चाक दिसतं.

मूर्तिजापूरवरून अमरावतीचा हायवे आता चांगला झाला आहे, सिमेंटचा, सरळ. पूर्वी हीच गाडी याच रस्त्यावर, तो खड्ड्यांचा होता तेव्हा, सत्तरने जायची. आता रस्ता सुधारला आणि आम्ही चाळीसवर आलो. कापसाने भरलेल्या ट्रॅक्टरने आम्हाला मागे टाकलं. त्या ट्रॉलीवर बसलेल्या बायांनी हात हलवला. मीही हलवला. बुढ्याचे दोन्ही हात स्टिअरिंगला चिकटलेले.

मूर्तिजापूरच्या पुढे चहाला थांबलो. हॉटेलसमोर नाही. हॉटेलसमोर कडुलिंबाचं झाड, झाडावर पाखरं, गाडी घाण होईल. म्हणून शंभर पावलं पुढे, उन्हात. मी जाऊन आलूबोंडा खाल्ला, त्याच्यासाठी चहाचा ग्लास घेऊन परत चालत आले. तोवर गाडीभोवती पाच-सहा जण जमलेले.

"काकाजी, कितीले जाईन हे?" एकाने विचारलं.

"विकायची नाई."

"नाई, पण गेली तं कितीले जाईन?"

पूर्वी लोक विचारायचे, किती पळते, टप कसा निघते, एक चक्कर मारू द्या. बुढा शेजारी बसून मारू द्यायचा. आता पोरं फोटो काढतात आणि भाव विचारतात, आणि हा किल्ली खिशात घट्ट धरून उभा. मी म्हटलं, "बाबू, मले विचार. माह्या भावात दोघंही देतो, गाडी आणि बुढा." सगळे हसले. बुढा नाही हसला.

अमरावतीत गफूर मिस्त्रीकडे थांबलो. तुमची गाडी जुनी असेल तर वाटेत ओळखीचा मिस्त्री असलाच पाहिजे, देवळाच्या आधी. गफूरभाईंचं वय ऐंशीच्या घरात. आता स्टुलावर बसून सांगतात, हात पोराचे चालतात. गाडीचा आवाज ऐकूनच म्हणाले, "अण्णाजी, ये तो खाँस रही है. कितने दिन से बिठाके रखी?"

"दोन वर्सं."

"चलती गाडी का कुछ नहीं बिगडता. बैठी गाडी मरती है. मैं भी घर बैठा होता तो मर गया होता."

कार्बोरेटर खोलला. आत पेट्रोलचा डिंक झालेला. टाकीच्या तळाला गंज, एक रबर वाळून कडक. म्हणजे भाव वाढावा म्हणून जी झाकून ठेवली, ती कव्हराखाली सडत होती. बुढा ते रबर बोटात धरून वाकवत राहिला. तुटलं. दोन तास गेले. पैसे घ्यायला गफूरभाई तयार नव्हते, पाचशे रुपये मीच पोराच्या खिशात कोंबले. तेवढ्या वेळात मी जाऊन गिला वडा खाऊन आले. दह्यातला, वरून तिखट-गोड चटणी. अमरावतीला जाऊन तो न खाणारा माणूस मला अजून भेटायचा आहे. बुढ्याला बांधून आणला, पण गाडीत खायचा नाही म्हणे, सीटवर दही सांडेल. रस्त्याच्या कडेला उभा राहून खाल्ला.

मोर्शीपर्यंत रस्ता बरा. पुढे एका ठिकाणी काम चाललेलं, खडी पसरलेली. तिथे बुढ्याने गाडी थांबवली आणि मला म्हणाला, "तू उतर. पुढं चाल. कुठं खोल हाय ते हातानं सांग."

एकाहत्तर वर्षांची बाई रस्त्याने चालते आहे, हाताने डावं-उजवं दाखवते आहे, आणि मागून लाल गाडी बैलासारखी येते आहे. एक मोटरसायकलवाला थांबला. "आजी, पेट्रोल संपलं का?"

"नाई बाप्पा," मी म्हटलं, "पेट्रोल लय हाय. हिंमत संपली."

वरूड आलं की दोन्ही बाजूंना संत्री. मृगाच्या बहाराची तोडणी चालू होती, क्रेटांनी भरलेले टेम्पो समोरून येत होते. दुपारी तीनला पोहोचलो. जेमतेम दोनशे किलोमीटर, नऊ तास. तुम्ही साध्या गाडीने गेलात तर चार तासांत, वाटेत जेवून.

बंडूने वांगी भाजून ठेवली होती. भरीत, ज्वारीची भाकर, हिरव्या मिरचीचा ठेचा. माझी भावजय चार वर्षांपूर्वी गेली, तेव्हापासून तोच रांधतो, आणि खरं सांगायचं तर तिच्यापेक्षा बरं. बुढ्याने घास घेता घेता तीनदा उठून गाडी पाहिली. झोपायची खाटही गाडीशेजारी टाकून घेतली.

दुसरा दिवस: शेडमधलं इंजिन

सकाळी शेडमध्ये गेलो. क्रेटांच्या मागे, पोत्यांखाली इंजिन होतं. आणि काय होतं! भावजय दर दसऱ्याला त्याची पूजा करायची, कारण त्याने बगीचा वाचवला. शेंदूर, हळद-कुंकू, तेल, आणि दर दोन वर्षांनी बंडूचा हिरवा ऑइलपेंट. इंजिन कमी, देव जास्त. त्या थरांच्या आत कुठेतरी नंबर.

बुढ्याने घासलेट आणि दात घासायचा जुना ब्रश मागितला. खाली बसून तासभर घासत होता. हिरवा निघाला, त्याखाली केशरी, त्याखाली परत हिरवा, मग काळं लोखंड. आकडे दिसायला लागले, तर त्याच्या चष्म्यावर घासलेट उडालेलं. कागद त्याने धरला, आकडे मी वाचले. शाळा कमी झाली, पण आकड्यात मी चुकत नाही. एकेक आकडा मी सांगायची आणि तो कागदावर बोट ठेवायचा.

शेवटचा आकडा जुळला तेव्हा तो धपकन क्रेटवर बसला. आमचा पोरगा झाला तेव्हा हा माणूस असा बसला नव्हता.

मग खाकरून म्हणाला, "बंडू, याचे पैसे मी देईन. तू म्हणशीन तेवढे."

"पैसे नको भाऊजी."

"मंग?"

"अकोल्यापर्यंत गाडी मी चालवीन."

हे काय आहे ते सांगते. गाडी आली तेव्हा बंडू एकवीस वर्षांचा होता. तेव्हापासून तो मागतो आहे. त्याच्या लग्नात नवरदेव म्हणून बसवला, पण चालवू दिली नाही. इंजिन विहिरीवर नेलं तेव्हाही बुढ्याने अट घातली होती, की मी सोडून कोणी हँडल मारायचं नाही. लोकांना चक्कर मारू द्यायचा, पण मेव्हण्याला नाही. का, ते त्यालाच माहीत.

"नाई," बुढा म्हणाला.

"बरं," बंडू म्हणाला, आणि पोती परत इंजिनावर टाकायला लागला. एक टाकलं, दुसरं टाकलं. तिसरं झटकून नीट घडी करून टाकलं.

"बाई, सांग न त्याले," बंडू मला म्हणाला. तो मला बाई म्हणतो.

"मी कायले सांगू? तुमचं तुमी पाहा," मी म्हटलं. "मले भाजी चिरायची हाय."

पण प्रश्न त्या दोघांच्या हट्टाचा राहिलाच नाही. इंजिन दोन सीटांच्या गाडीत मावणार नव्हतं. चार माणसं आणि एक बांबू लागला तेव्हा ते शेडबाहेर आलं. बंडूच्या ओळखीचा संत्र्याचा टेम्पो अकोल्याच्या मार्केटला निघाला होता, तो न्यायला तयार झाला. आता आम्हाला अनोळखी ड्रायव्हरच्या हवाली दोन फ्लॅटांपैकी एक फ्लॅट कसा करायचा? कोणीतरी इंजिनासोबत बसायला पाहिजे. बंडूला पाठवलं तर बुढ्याला विश्वास नाही. मला पाठवलं तर मी जाणार नाही, तसं मी सांगितलं. म्हणजे बुढा टेम्पोत, आणि गाडी बंडूच्या हातात.

दहा मिनिटं तो अंगणात उभा होता. एका बाजूला गाडी, दुसऱ्या बाजूला दोरांनी बांधलेलं इंजिन, भोवती संत्र्याचे क्रेट. तोंडावरून वाटत होतं की कोणी त्याचे दोन तुकडे केले असते तर बरं झालं असतं. शेवटी किल्ली काढली, बंडूच्या हातावर ठेवली, पण सोडली नाही.

"पन्नासच्या वर नाई."

"नाई भाऊजी."

"दुसऱ्यातून तिसरा गिअर टाकतांना थांबायचं जरासं."

"हो."

"टप उघडायचा नाई."

बंडूने किल्ली ओढून घेतली. बुढा टेम्पोत चढला, आणि गावाबाहेरच्या पहिल्या वळणावर बंडूने टप उघडला.

वापसी

मला काव्य येत नाही. एवढंच लिहिते की पदर कमरेला खोचून घ्यावा लागला. दोन्ही बाजूंनी संत्र्याचा वास, ऊन पाठीवर, आणि गाडीचा आवाज भोवती, पेटीत नाही. पहिले पाच किलोमीटर बंडू नुसता गिअर बदलत होता. मग म्हणाला, "बाई, पंचेचाळीस वर्सं यानं हे एकट्यानं खाल्लं."

"मी होती न बाजूले."

"तू पाहुणी."

खडीच्या जागी त्याने मला उतरवलं नाही. मधून काढली. पन्नासची अटही वरूडपर्यंतच टिकली. टेम्पो आमच्या मागेच होता, आरशात दिसायचा, आणि ड्रायव्हरशेजारी बुढा काचेला नाक लावून. मोर्शीच्या पुढे चहाला थांबलो तेव्हा मी मनाची तयारी करून उतरले. आता रस्त्यात तमाशा होणार.

बुढा टेम्पोतून सावकाश उतरला. उघड्या टपाकडे पाहिलं. गाडीभोवती एक चक्कर मारली. म्हणाला, "वळणावर मागचं चाक झुकते इचं. मले माहीतच नव्हतं."

"काय?"

"मी कधी इले जातांना पाह्यलंच नाई न. दरवेळेस मीच आत."

बंडू किल्ली परत द्यायला पुढे आला. बुढ्याने घेतली नाही. "चालव तू. मी टेम्पोतच बसतो. मले पाहू दे." आणि दोन पावलं जाऊन परत वळला. "तिसरा लवकर टाकून राह्यला तू. कानानं ऐक जरा."

हे इथेच संपलं असतं तर गोड झालं असतं. पण बडनेऱ्याच्या पुढे एका डंपरच्या चाकातून दगड उडाला आणि आमच्या डाव्या मडगार्डवर बसला. शेंगदाण्याएवढा रंग उडाला, खालचा पत्रा दिसायला लागला. बंडूने गाडी बाजूला घेतली. टेम्पो थांबला, बुढा आला, वाकला, अंगठ्याने ती जागा चोळली.

"पुण्याच्या माणसाले दिसीन हे," म्हणाला.

तो टेम्पोत जाऊन बसला, आणि अकोल्यापर्यंत आरशात तो मला सीटला टेकून डोळे मिटलेला दिसला. झोपलेला नव्हता. त्याची झोप मला माहीत आहे, तोंड उघडं असतं.

घरी

इंजिन उतरवून शटरच्या खोलीत नेलं. बुढा म्हणाला, सोमवारी मिस्त्री बोलावतो, टॅक्सीचं काढू, हे बसवू. आणि मग बंद. आवाजात आनंद नव्हता, काम उरकल्यासारखं बोलत होता.

मी म्हटलं, "नंबर कशात हाय?"

"इंजिनात."

"भाव कशाचा? नंबराचा. मंग कुलूप इंजिनाले लावा न. गाडीनं काय गुन्हा केला?"

त्याने पुण्याच्या माणसाला फोन लावला, आवाज मोठा करून. तो म्हणाला, हो काका, पुष्कळ लोक तसंच करतात. मूळ इंजिन पेटीत जपून ठेवायचं, चालवायला दुसरं. भावात फारसा फरक नाही. फक्त वापरामुळे रंग, सीट, टप यांचं जे नुकसान होईल त्याचे पैसे कमी होतील.

"किती कमी?" बुढ्याने विचारलं.

तो माणूस सांगायला लागला तेव्हा मी फोन हातातून घेतला आणि बंद केला.

याला आता दीड महिना झाला. शटरच्या खोलीत इंजिन आहे, गादीसारखं कव्हर त्याच्यावर आहे, कॅमेरा त्याच्याकडे पाहतो. गाडी बाहेर, पत्र्याखाली. मंगळवारी आम्ही तिच्यातून भाजीला जातो.

मजा पूर्ण परत आली का? नाही. खोटं कशाला लिहू. बाजारात अजूनही तो भाजीपेक्षा गाडीकडे जास्त पाहतो. मडगार्डवरचा डाग त्याने रंगवला नाही, पण रोज एकदा त्यावरून बोट फिरवतो. आकडा एकदा कानात शिरला की निघत नाही. भाव माहीत नव्हता तेव्हा गाडी आमची होती. आता थोडी त्या पुणेकराची, थोडी आमची, असं काहीतरी आहे. तुमच्याकडे अशी गाडी असेल आणि कोणी भाव सांगायला आलं, तर त्याला चहा पाजा आणि भाव ऐकू नका. आणि ऐकलाच, तर तो गाडीच्या कोणत्या भागात आहे ते शोधा आणि तेवढाच काढून ठेवा.

खर्चाचं: जाऊन-येऊन पेट्रोल साडेचार हजार, गफूरभाईंचे पाचशे, टेम्पोवाल्याने संत्र्यासोबत आणलं म्हणून आठशे. मुक्कामाचं खाणं बंडूचं. वापसीत दोन क्रेट संत्री, ती मोजत नाही.

परवा बंडू आला होता. मला भाजी आणायची होती, गाडी काढा म्हटलं. बुढ्याने बंडूला किल्ली दिली आणि चप्पल घालून स्वतः चौकात जाऊन उभा राहिला. बंडू मला घेऊन चौकातून गेला, वळला, बुढ्यासमोर थांबला.

"बसा भाऊजी, मी उतरतो," बंडू म्हणाला.

"मले बसायले नको सांगू," बुढा म्हणाला. "अजून एक चक्कर मार. या बारीनं तिकडून ये, उन्हाच्या बाजूनं."